रेघेची जाडी

लाल पेन, टोक अर्ध्या मिलिमीटरचं.
नकाशा एकास दहा हजार.
म्हणजे मी कागदावर ओढतो ती रेघ
जमिनीवर पाच मीटर रुंद असते.
एकतीस वर्षं हे मला ठाऊक होतं,
पोटात यकृत असतं हे जसं ठाऊक असतं तसं.

सिव्हिल लाइन्सची दगडी इमारत,
कूलरच्या वाळ्यात चिमणीचं घरटं.
विभागाच्या पोटात जिल्हा, जिल्ह्याच्या पोटात तहसील,
मग मंडळ, मग पटवारी हलका,
आणि सगळ्यांचं ओझं डोक्यावर घेऊन, तळाशी, एक गाव.

खालच्या खणात एक अख्खा प्रांत पडलाय.
त्याची राजधानी हेच शहर होतं.
वाळवी सरहद्दीवरून आत शिरली
आणि कुणाच्या हरकती न मागवता
तीन जिल्हे खाऊन गेली.

डिसेंबरात सरकारच पाहुणं येतं इथे.
पायऱ्यांवर भाड्याच्या कुंड्या लागतात.
सरकार जातं, कुंड्या जातात,
ओले गोल डाग तेवढे दोन दिवस राहतात.

हरकती व सूचनांचा शेवटचा दिवस, दुपारचे सव्वातीन.
सगुणाबाई सोनकुसरे,
मौजा चिंचटेकडी, हलका नंबर अडतीस.
अर्ज नाही. अंगठा आहे, तो कुठे लावू म्हणाली.

"कचऱ्याची गाडी माह्या दारापरेंत येते
अन् गाणं वाजवत वळून जाते.
सरपंच म्हणते झोनमधी जा,
झोनवाले म्हणतेत पंचायतीत जा.
म्हातारा गेला तं दाखला कोणी देईना.
खाटेचं उसं पंचायतीत, पायथा शहरात.
जीव कोण्या बाजूनं गेला,
इचारत होता तो पोरगा, पेन कानावर ठेवून."

मी नकाशा पसरला.
तिनं बोट ठेवलं तर दोन प्रभाग आणि नाला झाकला गेला.
"मी याच्यात कुठं राह्यतो जी?"
मी म्हणालो, रेघेत.
अलीकडे नाही, पलीकडे नाही. रेघेत.
ती बराच वेळ त्या लालाकडे बघत राहिली,
स्वतःचं छप्पर शोधत असावी.
"मंग रेघ पतली करा ना."

नियमात नाले आहेत, रस्ते आहेत, रेल्वेचे रूळ आहेत,
वस्ती तोडू नये असंही आहे.
रेघ किती जाड, हे नाही.
संध्याकाळी सीताबर्डीवरून
स्वतःच्या पैशानं शून्य दशांश एकचा पेन आणला.
पातळ रेघेत घर मावत नाही.
ते कुठल्यातरी एका बाजूला पडतंच.
तिला विचारायचं राहिलं.
मी तिला शहरात टाकलं
आणि त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दीड वर्षानं ती आली, हातात प्लास्टिकची पिशवी.
पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवत गेली:
म्हाताऱ्याचा दाखला, शिक्क्यासकट.
घरटॅक्सची नोटीस, दंडासकट.
रोजगार हमीचं कार्ड, आता बाद,
शहरात म्हणे माती खोदायचं काम नसते.
आणि जाऊबाईचं पत्रक, निवडणूक चिन्ह शिलाई मशीन.
जाऊ पंचायतीला उभी होती,
नाल्याच्या त्या अंगाला तिचं घर.
एका मतानं पडली.

मी पंख्याकडे बघितलं.
तिनं कागद पुन्हा त्याच क्रमानं पिशवीत भरले,
माठातलं पाणी प्यायली,
गिलास पालथा घातला
आणि नकाशा मागितला.
डोळे बारीक करून पुष्कळ वेळ शोधलं तिनं.
"रेघ चांगली ओढली जी," म्हणाली,
"दिसतच नाही."

गाडी यायची वेळ होते म्हणून ती लवकर निघाली.