अंक एकोणीस

हेडाऊंनी आधी हात धुवायला लावले.
मग पुसायला. मग पंख्याखाली धरायला.
इतवारीत, दोऱ्यांच्या दुकानावरची खोली,
मे महिन्याचे पंचेचाळीस अंश,
आणि मी दोन्ही पंजे वर करून उभा
शरण आल्यासारखा.

पलंगाखालून पत्र्याची पेटी निघाली,
पेटीतून उशीचा अभ्रा,
अभ्र्यातून बटरपेपर,
बटरपेपरातून बिजलीराव.
अंक एकोणीस. किंमत साठ पैसे.

मी भिंग काढलं.
चारही कोपरे शाबूत. कण्यावर सुरकुती नाही.
पिनांवर गंजाचा ठिपकासुद्धा नाही.
कुण्या बंड्याचं पेन्सिलीतलं नाव नाही,
चिवड्याचं बोट नाही,
आणि मुखपृष्ठाचा पिवळा
काल रंगवलेल्या पिवळ्या मारबतीइतका पिवळा.

"किती?"
"बत्तीस."
"अठ्ठावीस द्या."
"भाऊ, वांगे नाही घेऊन राह्यले तुम्ही."

बत्तीस हजार.
कूलरची नवी मोटर, दातांची कवळी,
भाचीच्या लग्नातला आहेर
डोळ्यांपुढून एकेक करून गेले
आणि मी त्यांना जाऊ दिलं.

अठरावा आहे माझ्याकडे, मुखपृष्ठाविना.
विसावाही आहे, गादीच्या दोऱ्यानं शिवलेला.
अठराव्याच्या शेवटी बिजलीराव दोराला लटकलाय,
खाली मगरी, काठावर त्याची मैना घोडी, एकटी.
विसाव्याच्या पहिल्या पानावर तो चहा पितोय.
मैना नाही. आणि कुणी तिचं नावही काढत नाही.
सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत
यावरून दोन पोरांची डोकी फुटली,
पण एकोणिसावा कुणी पाहिला नव्हता.
एकच गठ्ठा आला होता म्हणे नागपुरात.

"आला होता न," हेडाऊ म्हणाले.
"माह्या मामाच्या दुकानात. दहा पैसे तास.
मी वहीत नावं लिहायचो,
पुस्तकाले हात लावाची बंदी.
हा एक लंपास केला. त्याच रात्री मामानं झडती घेतली.
तांदळाच्या कोठीत दाबला, तो दाबलाच.
मंग इतका जपला, इतका जपला
का उघडाचीच धास्ती बसली."

नोटा त्यांनी दोनदा मोजल्या,
अंगठा जिभेवर ओला करकरून.
त्याच अंगठ्याला पन्नास वर्षं
या अंकाच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं.

मी जिना अर्धा उतरलो तेव्हा वरून आवाज आला,
"वाचलं तं सांगजा बरं,
घोडीचं का झालं."

घरी आल्याबरोबर कूलर बंद केला.
कागदाला दमट हवा चालत नाही.
"अन् आम्हाले हे भट्टी चालते?" कुमुदनं विचारलं,
उत्तराची वाट न पाहता
चटई घेऊन गच्चीवर गेली.

रात्री दोनला मी आणि तो, टेबलावर.
नीट उघडायचा म्हणजे कण्यावर एक रेघ.
एका रेघेचे आठ हजार तरी जातात.
हे मला कुणी सांगायला नको,
मीच दुसऱ्यांना सांगत आलोय आजवर,
रेघ दाखवून भाव पाडलाय चांगल्या चांगल्यांचा.

घामाचा थेंब पडू नये म्हणून
कपाळाला टॉवेल बांधला,
श्वास रोखला,
आणि करंगळीच्या रुंदीएवढी फट केली पानांत.
टॉर्च तिरपी धरली.

चौकटीचा एक तुकडा दिसला.
एक कान. तपकिरी.
त्याच्या वर फुग्यात अर्धं अक्षर,
"मै" असेल किंवा "मे" असेल.
फट मिटवली.

सकाळी साडेसहाला हेडाऊंना फोन लावला.
म्हटलं, कान आहे.
तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग अगदी हळू,
वहीत नाव लिहिणाऱ्या पोराच्या आवाजात,

"उभा होता का पडेल?"