दोन बोटं

बरणी चुलीमागच्या कोनाड्यात असायची,
तोंडाला आबांच्या जुन्या धोतराची पट्टी,
आत शिंदीचा रस, चाळीस दिवस विसरून ठेवलेला.
आई त्याला सुका म्हणायची, तिच्या भाषेत.
पुस्तकला काकू तोंडाला पदर लावायची :
"ओल्याले सुका म्हंते, पाय बाई!"

बातांगासहून साकोलीकडच्या या तलावाकाठी येताना
आईनं आणली एक पत्र्याची पेटी
आणि आंबट ओळखणारी जीभ.
जहाजावर फिटर असलेले बाबा म्हणत,
पेटी तेवढी कस्टमवाल्यांनी उघडली.

आंबटपणाला तिकडे आसिम म्हणतात.
असीम म्हणजे ज्याला सीमा नाही, असं गुरुजींनी शिकवलं.
मी दोन्ही अर्थ एकाच ओळीत लिहिले
आणि अर्धा मार्क गमावला.

तर, दर मंगळवारी बरणी दोन बोटं उतरायची.
आई आतल्या पातळीशी बाहेरून काजळाची रेघ ओढून बाजाराला जाई,
परत येऊन काडी बुडवून बघे :
रेघ वर, सुका खाली,
आणि धोतराची पट्टी तिच्यापेक्षा घट्ट बांधलेली.

काकू म्हणाली, मांजर.
आई म्हणाली, मांजर गाठ मारत नाही.
काकांनी, कुणी विचारलं नसताना,
आपण दारू सोडून सहा वर्षं झाल्याचं सांगितलं.
पोलीस पाटील वलथरे शंका घेऊन आले,
बरणीत नाक घातलं, तीनदा शिंकले,
आणि आदोबोची मरळ खाऊन गेले.
(लसूण, मिरे, तेजपान, सुका. दुसऱ्यांदा भात मागितला.)

पुढच्या मंगळवारी आईनं कोनाड्याखाली
लुचईचं पीठ भुरभुरलं, रांगोळीसारखं.
संध्याकाळी त्यावर
एक पाऊल, एक फरपटलेली रेघ,
आणि शेजारी रुपयाएवढा गोल ठिपका.
आई बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसली.
मग तिनं स्वतःच पीठ पुसलं.
काकूला म्हणाली, "वारा होता."

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी बाजाराला गेले नाही.
धानाच्या ढोलीमागे बसले, गुडघ्यांत हनुवटी.
काठी आली. मागून आबा.
कोरडा भात ताटलीत, त्यावर सुका, दोन बोटं,
आणि डोळे मिटून असा घास,
जसा कुणी हरवलेलं नाव आठवून उच्चारतो.

मला शिंक आली. तपास तिथंच संपला.

"त्या तापात जीभच गेली माई,
तीन वर्सं झाले. मीठ नाई, तिखट नाई, गूळ नाई.
हे तेवढं लागते."

मी कुणाला सांगणार नव्हते. रात्री जेवताना सांगितलं.

ताटं थांबली.
तीन वर्षं आबांनी काकूच्या झिंग्यांना बेस म्हटलं होतं,
आईच्या मरळीला बेस म्हटलं होतं,
आणि दोघी जावांनी तो प्रत्येक बेस
मनातल्या मनात मोजून ठेवला होता.
"म्हंजे माह्या झिंग्यायचं..." काकू म्हणाली.
"माझ्या मरळीचं पण," आई म्हणाली.
मग काकूला असं हसू फुटलं
की हातातली पळी वरणात बुडाली, शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी काकूनं झिंग्यांत सुका घातला, वर मूठभर सांबार.
आई म्हणाली, सांबार कशाला?
काकू म्हणाली, तेजपान तरी कायले?
आबांनी घास घेतला, थांबले.
"आज कमी लागलं."
तक्रार! तीन वर्षांत पहिली.
दोघी एकदमच बरणीकडे धावल्या.

मंगळवारचा चोर असा सापडला.
शनिवारी मात्र शाळा अर्धी असायची,
पेरूला मीठ लावून काहीतरी हवं असायचं,
आणि बरणी आणखी एक बोट उतरायची.
त्यासाठी पीठ कुणी भुरभुरलं नाही.