टिटवी कळवते

मोन्तेविदेओहून बँडोनियन आलं, लाकडी पेटीत.
भात्याला भोकं, डाव्या हाताचे अकरा सूर मुके.
सोबत एव्हारिस्तो नावाच्या माणसाची चिठ्ठी:
आजोबांचं आहे, घाई नाही.
आणि खाली, बारीक अक्षरात:
मजुरी बिटकॉइनमध्ये दिली तर चालेल का?
इथली बँक वाटेतच फार कुरतडते.

मी रोसविता. वय एकसष्ट.
क्लिंगेनथालच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान.
मला पोलादी जिभा कळतात,
किती घासली की सूर चढतो, किती घासली की मरतो.
पैसा मला मोजता येतो तेवढाच कळतो.

भाचा म्हणाला, सोपं आहे गं, दहा मिनिटांचं काम.
दहा मिनिटांत होणाऱ्या कामांची मला धास्ती वाटते.
म्हणून आधी बसने प्लाउएनला गेले,
हेर्टेलबाईंकडे. बावीस वर्षं त्याच माझा कर बघतात.
प्रश्न पावतीच्या पाठीवर लिहून नेले होते:
हे कायद्यात बसतं का?
भाव कुठल्या घटकेचा धरायचा?
पैसे रात्री तीनला आले, तर मी झोपेत कमावले का?
ठेवून दिले आणि वर चढले, तर ती चढण कुणाची?

बाईंनी चष्मा काढला.
बसतं, म्हणाल्या. बसतं, पण पाय पसरून नाही.
मजुरी ती मजुरीच, नाणं कुठलंही असो.
हाती पडलं त्या वेळचा युरोतला भाव लिहा,
तारीख, वेळ, सगळं.
वर्षाच्या आत विकलंत तर माझ्याकडे या.
आणि वर्षानंतर?
तर केक घेऊन या.

परतीच्या बसमध्ये भाच्याने पाठवलेलं पान उघडलं.
ती वही. जगात कुणीही वाचावी अशी.
कुणी, कुणाला, किती, केव्हा.
नावं नाहीत, नावांच्या जागी
अक्षरं-आकड्यांची लांबच लांब शेपटी.
एकदा कुणी शेपटीला माणूस बांधला
की मागचं सगळं उलगडत जातं,
आणि पान फाडता येत नाही.

असली वही मी पाहिली आहे.
ब्याण्णव साली, केमनित्सला,
वडिलांची फाईल, सरकारी टेबलावर, तीन तास.
तिच्यातही नाव नव्हतं.
टिटवी कळवते: शुक्रवारी रात्री पश्चिमेचा रेडिओ.
टिटवी कळवते: कारखान्यातून पोलादी पट्टी, अर्धा किलो, घरी.
टिटवी कोण, ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.
आईला कळलं होतं, असं मला वाटतं.
ती पट्टी अजून माझ्या खणात आहे,
अर्ध्याहून जास्त.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही.
नऊ सूर बोलते झाले. दोन हट्टी निघाले.
मग लिहिलं: चालेल, एव्हारिस्तो,
पण आधी पाच युरोंएवढेच पाठवा.
हा पत्ता फक्त तुमच्यासाठी, पुढच्या गिऱ्हाइकाला दुसरा.
पावतीवर तुमचं नाव, माझं नाव, खरी रक्कम.
ती करकचेरीला दाखवीन.
खालच्या बेकरीवाल्याला दाखवणार नाही,
तो भला माणूस आहे, तरीही.
लपवणं वेगळं, पडदा ओढणं वेगळं;
आंघोळ करणारा माणूस चोर नसतो.

बारा शब्द कागदावर उतरवले,
आधी पेन्सिलीने, मग शाईने.
भाचा म्हणाला, कुणालाही सांगू नकोस, मलासुद्धा.
तो पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.
कुठे ठेवलेत, ते इथे लिहीत नाही.

पाच युरो खरंच रात्री आले,
तीन वाजून सात मिनिटांनी. मी जागीच होते.
स्वयंपाकघरात दिवा लावून वही उघडली:
रोसविता कळवते.
तारीख, वेळ, भाव, कुणाकडून, कशासाठी.
हात थरथरला, सातचा एक झाला.
हेर्टेलबाईंनी शिकवल्याप्रमाणे एकच रेघ मारली,
खालची चूक वाचता येईल अशी,
आणि शेजारी पुन्हा सात लिहिला.