टेपचं दुसरं टोक

मे महिना. पेपरात शेहेचाळीस पूर्णांक दोन.
टाउन हॉलच्या दगडावर हात टेकवत नाही.
टेपचं शून्य धरून मी उभा, आणि पार तिकडे
लटारू निनावे, रोजंदारीवरचा मदतनीस,
आकडा ओरडून सांगतो: सत्तावन फूट साडेचार, साहेब.
नकाशात सत्तावन फूट सहा.
दीड इंच कुठे गेला, हे मी वहीत लिहीत नाही.

नकाशा कापडावर डकवलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या.
ज्यानं काढला त्याचा हात देखणा होता.
तिरपी अक्षरं, केसासारख्या रेघा,
उत्तरेचा बाण असा, की आत्ता सुटेल.
पण तो माणूस नागपुरात कधी उतरला नसावा.
पूर्वेच्या भिंतीत त्यानं
शेकोटी दाखवली आहे.

लटारूला सांगितलं तर तो खाली बसून हसला.
काहून साहेब, थंडी कोणाले वाजत होती इथं?

तरी धुराडं बांधलं. नकाशात आहे म्हणून.
कामठीकडचा तांबूस दगड, चुन्यात गूळ आणि बेलाचा गर,
छपरावर चार हात काढलेलं,
आत काजळीचा एक डाग नाही.
पारवे तेवढे घुमतात.
बाकी सगळं कागदाप्रमाणे: टोकदार कमानी,
जबडा उघडून बसलेले सिंहमुखी पन्हाळे,
बोटीतून आलेले बिडाचे खांब,
ज्यांच्यावरचं कारखान्याचं नाव
रंगाच्या नऊ थरांखाली बोटांनीच वाचावं लागतं.

कागदात नाही ते पश्चिमेच्या व्हरांड्यात सापडलं.
भिंतीत नऊ फुटांवर एक भोक, रुपयाएवढं,
खालची कड दोरीनं कापलेली,
विहिरीच्या काठावर असते तशी.
आणि त्याच्या समोर, कठड्याला,
बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा एक गुळगुळीत खळगा.
छिन्नीचा नव्हे.

रेकॉर्ड रूममधल्या सामानाच्या वहीत मी शोधलं.
खुर्च्या शिसवी, नग चौसष्ट.
दौती चिनीमातीच्या, बारा.
पंखे कापडी, झालरीसह, चार.
पंखाकुली, चार.
घड्याळ लंबकाचं, एक, बंद.
घड्याळापुढे शेरा आहे.

आत नळपट्टीवर ठराव, जकातीवर ठराव,
सूचक, अनुमोदक, टेबलावर मूठ.
बाहेर दोरी.
एका सभेच्या वृत्तांतात शेवटून दुसरी ओळ अशी:
दुपारी तीनच्या सुमारास पंखा थांबला,
सन्माननीय सदस्यांनी नापसंती नोंदवली.
कोणाला डुलकी लागली, ते नाही.

इंजिनिअरांचा फोन आला. भोकं सगळी बुजवा,
सिमेंट मारून टाका, पंधरवड्यात उद्घाटन आहे.
हो म्हटलं. हो म्हणण्यात माझी एकतीस वर्षं गेली.

वळून पाहिलं तर लटारू
टेप मांडीवर टाकून त्या खळग्याला टेकलेला.
पाठ बरोबर बसली होती.
डोळे मिटलेले, एक पाय पसरलेला,
पायाचा अंगठा हळूहळू हलतोय.
इथं हवा लागते साहेब, म्हणाला.
मी दोन मिनिटं मापं घेतली नाहीत.

नव्या नकाशात दरवाज्याला दा, खिडकीला खि,
शेकोटीला शे लिहिलं. शेकोटी आता वारसा आहे.
खळग्याला अक्षर नव्हतं.
पेन्सिलीनं, बारीक, मी लिहिलं: नि एक.
नि म्हंजे काय साहेब, निशाणी?
लिहून ठेवलंय, म्हटलं. विचारतील तेव्हा बघू.

मग त्याच्या हातात शून्य दिलं
आणि टेप ओढत मीच निघालो पलीकडे,
उन्हातून,
आकडा ओरडायला.