तीनशे एक

पॅर्नूच्या माइमूने अकरा डोमेन नावं घेऊन ठेवली होती.
एक जोडरेघेचं, एक बिनरेघेचं,
एक फिनलंडच्या गिऱ्हाइकांसाठी,
दोन तर अक्षरावरची टिंबं विसरणाऱ्यांसाठी.
दुकान मात्र एकच,
आणि विकायचं तेही एकच :
सौनातल्या लोखंडी शेगड्या.

"सगळी वळव माझ्याकडे," ती म्हणाली.
"अकरा दारं, अकरापट वजन.
शोधलं की मी एकोणिसावी येते.
दुसऱ्या पानावर माझी सख्खी बहीणसुद्धा जात नाही."

काजळी लागलेल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला.
माइमू, या दारांवर कुणी कधी थाप मारलेली नाही.
कुणी बोट दाखवून म्हटलेलं नाही,
की तिथे जा, तिथे चांगलं मिळतं.
आडातच नाही.
वळवतो, नुकसान काही नाही,
चुकून टाइप करणारा घरी तरी पोचेल.
क्रमांक हलायचा नाही.

तेव्हा तिने बारावं काढलं.
विल्यांदीच्या हेल्दुरचं. वीस वर्षांचा वैरी,
ऑक्टोबरात गेला.
त्याच्या बायकोने, औनेने, नाव विकलं
एका शेगडीच्या किमतीला.

हे जड होतं.
ताम्पेरेचा सौना-क्लब, हिउमा बेटावरची शाळा,
रीगातला कुणी दातांचा डॉक्टर,
सगळे वर्षानुवर्षं त्याच्याकडे बोट दाखवत आलेले,
आणि बहुतेक बोटं एकाच पानावर :
दगड कसे रचावेत.

"लाव सगळं माझ्या पहिल्या पानाला."

नाही. दगडांचं विचारत आलेल्यासमोर
शेगड्यांचे भाव मांडले
तर यंत्रालाही कळतं, हे पान गेलं,
आणि वजन वाटेतच सांडतं.
पानाला पान लागतं.
तुझ्याकडे आहे दगडांचं पान?

तिने उठून आत एक ओंडका सारला.
"त्याच्यासारखं रचता कुणालाच यायचं नाही,"
बऱ्याच वेळाने.
"हे कुठे लिहू नकोस."

औनेने फोनवर एवढंच विचारलं,
वळवतोस म्हणजे नक्की काय करतोस?
म्हटलं, आकडे असतात.
तीनशे दोन म्हणजे, जरा बाहेर गेलोय, येतोच.
तीनशे एक म्हणजे, आता इथे राहत नाही, तिकडे विचारा.
पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.
"मग तू कोणता लावणार?"

हेल्दुरचं पान त्याच्याच शब्दांत ठेवलंय,
खाली त्याचं नाव.
मार्चमध्ये माइमू सातवी आली.
ती अकरा अजून तशीच हलकी,
दर वर्षी त्यांचे पैसे भरते.

काल हिउमाहून मेल आला :
प्रिय हेल्दुर, तळाचा दगड तडकला, काय करू?
माइमूने लिहिलं, तो काढ. मोठा घे, उभा ठेव,
हवेला वाट सोड.
सहीच्या जागी बोटं थांबली.
तसंच पाठवलं.