पाठ

डेव्हनपोर्टच्या टेकडीवर, जानेवारीत,
खिडकीखाली मिसिसिपी थिजून पडलेली
आणि मी, त्रेचाळिसाव्या वर्षी,
तेहतीस तत्त्वं पाठ करत बसलेली.

अकरा वर्षं याच नदीवर
जहाजांसाठी पाणी चढवलं, उतरवलं.
मक्याच्या बार्ज यायच्या, मी दार उघडायचे,
बाकीचं पाणी स्वतःच करायचं.
हे मी ज्ञान म्हणून कधी सांगितलं नाही कुणाला.
पगार मिळायचा तेवढा.

रोडेनबर्ग सर खडूने एक रेघ ओढतात, उभी.
"वरून खाली. आतून बाहेर.
शरीर अडाणी नाही.
तुम्ही त्यात काही घालत नाही,
आड आलेलं तेवढं बाजूला करता."
माझ्या पोराच्या वयाची पोरं लिहून घेतात.
मी विचारते, सर, हे शास्त्र की श्रद्धा?
कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांगाडा
हीटरच्या वाऱ्याने जरासा हलतो.
सर टायने चष्मा पुसतात, बराच वेळ.
"उत्तर पेपरात लिहू नकोस, क्लाउसन.
प्रश्न मात्र खोडू नकोस."

रविवारी ब्लू ग्रासला, बाबांच्या स्वयंपाकघरात,
टेबलावरचे बियाण्यांचे कॅटलॉग सरकवून
त्यांना पालथं झोपवलं. सरावासाठी.
फ्लॅनेलचा शर्ट वर. खाली ती पाठ,
जिच्यावर बसून मी डुकरांचा गोठा पाहिला होता.
सातवा मणका. आठवा. अंधारात जिना उतरावा
तसा माझा अंगठा.
शब्द पाठ होते;
पाठ मात्र पहिल्यांदाच वाचत होते.

अकराव्यापाशी त्यांनी श्वास आत घेतला.
डुकरिणीने मांडी फोडली तेव्हाही
हूं की चूं न केलेला माणूस.

"रात्री जास्त दुखतं?"
"ऑक्टोबरपासून."
"आणि वजन?"
ते काही बोलले नाहीत. कुशीवर वळून
पट्ट्याचं नवं भोक दाखवलं,
खिळ्याने पाडलेलं, वाकडं.

तेहतीसच्या तेहतीस ओळी
एकदम उभ्या राहिल्या डोक्यात, वर्गासारख्या,
आणि एकीनेही हात वर केला नाही.
दाब, असं कुणीच म्हणालं नाही.
मी शर्ट खाली ओढला.
ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडताना
बाबा दारातून म्हणाले, "झालं शिकून?"

आता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेय.
आतलं मशीन ठोकल्यासारखा आवाज करतंय.
उद्या सकाळी चाचणी आहे:
उपचाराची शेवटची पायरी कोणती?
उत्तर दोन शब्दांचं, सरांनी दहादा घोकून घेतलेलं:
हात उचलणे.

नर्सने बाबांचा पट्टा माझ्याकडे दिलाय,
धातू आत चालत नाही म्हणून.
त्याची भोकं मी अंगठ्याने चाचपते,
वरून खाली,
आणि वाकड्यापाशी थांबते.