काडी तपासणी

सप्टेंबरात पिंपळगावच्या आमच्या लॅबमध्ये काड्या येतात,
ओल्या गोणपाटात, गटनंबर बांधलेल्या.
मी डोळा ब्लेडने उभा चिरते, भिंगाखाली धरते.
घड आहे. नाही. नुसती बाळी.
मग सांगते, छाटणी सहाव्या डोळ्यावर घ्या.

आज मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
डॉक्टर गायधनींनी निवृत्तीदादाच्या
फुप्फुसातल्या तुकड्याचा कागद वाचला.
मार्कर एक टक्क्याहून कमी,
रक्तातल्या पेशींचं प्रमाणही बरं नाही.
इम्युनोथेरपीला शरीर दाद देईल
असं वाटत नाही.
किती नाही? मी विचारलं.
शंभरात दहा-बारा जण देतात, म्हणाले.

दादा एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये
बिघडलेल्या नोटा वेचायचा.
"म्हणजे मी रद्दच्या गठ्ठ्यात," म्हणाला,
आणि खोकत राहिला.

मला चांदोरीचे एक बागायतदार आठवले.
माझा रिपोर्ट घडी करून टोपीत ठेवत म्हणालेले,
ताई, तुम्ही बघितलेल्या दहा काड्या
आता बागेत नाहीत.

हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं.

पार्किंगमध्ये दादाने विचारलं,
यंदा थॉमसनचे डोळे कसे आहेत?
म्हटलं, बघतेय अजून.